चेंजिंग रूम तीन

सकाळी साडेसातला फोन : चेंजिंग रूम तीनचा एसी ट्रिप झालाय.
शिडी, मल्टीमीटर, गॅसची टाकी घेऊन
अल ऐन रोडला लागलो तेव्हा धुकं एवढं
की उंटांच्या शर्यतीचं कुंपण नुसतं अंदाजाने कळत होतं.

आत बारा मुली, निळ्या जर्सीत.
मॅनेजरबाई म्हणाल्या, मेकॅनिक आलाय, बसा तशाच.
बसल्या. कुणी कानांना टेप गुंडाळत, कुणी बोटांना.
एक जण भिंतीला कपाळ टेकवून
व्हायब्रेटवर ठेवलेल्या फोनसारखी थरथरत होती.
मी छतात डोकं घातलं. कपॅसिटर जळालेला.
खालून आवाज आला, कुणालाच उद्देशून नसलेला :
"आई गं, पोटात नुसतं कालवतंय."

माझा पाना थांबला.
"कुठली गं तू?"
"कोडोलीची."
"मी कुडाळचा. ओकारी येत असेल तर येऊ दे, बरं वाटतं."
ती हसली. माउथगार्डमुळे हसू निळं दिसलं.
पाठीवर चार नंबर, वर चौगुले.
दहा मिनिटांत गार वारा सुरू.
भारतीय रग्बीला माझं योगदान एवढंच.

दुपारी परत गेलो, तिकीट काढून.
सोबत बाबुल खानोलकर, मुनाफ,
आणि पेशावरचा गुलरेज, ज्याच्या मते ही कबड्डीच,
मध्ये उगाच चेंडूची अडचण.
पुढच्या रांगेत आठ इंग्रज, केळ्याच्या वेशात.
बर्गर पंचावन्न दिरहम. बाबुलने डबा उघडला :
तांदळाची भाकरी, सुक्या बांगड्याची किसमूर.
आठही केळी एकदम वळली.
एकाने घास मागितला, खाल्ला,
आणि डोळे पुसत म्हणाला, अजून.

सात मिनिटं, मग पुन्हा सात. संपलं.
एवढ्यासाठी विमानाने येतात पोरी.
समोर कझाकस्तान, एकेक खांदा फ्रीजएवढा.
तिसऱ्या मिनिटाला चौगुले पहिल्यांदा आपटली.
तो आवाज टीव्हीवर येत नाही.
ट्रकवरून तांदळाचं पोतं खाली सोडतात, तसा.
आम्ही गप्प. केळी गप्प.
उठली. गुडघ्याला गवत, गवताखालची वाळू.
आपली कधी पाच पावलं पुढे, कधी सात मागे.

किसमूर खाल्लेल्या केळ्याने नियम समजावला :
चेंडू हाताने पुढे टाकायचा नाही,
मागच्यालाच द्यायचा,
आणि तरी सगळ्यांनी पुढे सरकायचं.
मुनाफ, ज्याची दर एक तारीख एक्स्चेंजच्या रांगेत जाते,
मैदानावरची नजर न हलवता म्हणाला,
"हे येतं आपल्याला."
कुणीच हसलं नाही.

एकतीस-शून्य.
भोंगाही वाजून गेला होता.
त्यांची अकरा नंबर एकटीच सुटली रेषेकडे.
झाली असती ती ट्राय, तरी कुणाचं काय बिघडणार होतं?
चौगुले मात्र धावत होती, अर्ध्या मैदानामागून,
कुणाचा तरी मंगळसूत्र-चोर पकडायचा असावा तशी.
माझ्या तोंडून गेलं, "कोडोली!"
बाबुल ओरडला. गुलरेज ओरडला.
केळ्यांनी शब्दाचे तीन तुकडे करून घेतले :
को! डो! ली!
आणि रेषेच्या हातभर अलीकडे
तिने दोन्ही घोटे धरून तिला पाडलं.
चेंडू निसटून बाहेर. शिट्टी.

नंतर जाळीपाशी आली, मांडीला बर्फाची पिशवी बांधून.
कसं वाटतं आत, विचारलं.
"काही ऐकू येत नाही, काका. आपला श्वास तेवढा.
शेवटी फक्त कुणीतरी गावाचं नाव घेतलं.
वाटलं, डोक्याला लागलंय.
डॉक्टरला बोलले नाही, पुढच्या मॅचला बसवतील."

मी सांगितलं नाही कोण ते.
केळी तोवर बिअरच्या रांगेत गेली होती.

"पाच वीसला श्रीलंका," ती म्हणाली,
आणि चार पावलं लंगडत जाऊन वळली :
"काका, तो एसी जरा कमी करता का?
फारच गार केलाय."